पाच एकर रान आणि दुकानाचा किराणा: औसा तालुक्यातल्या एका घराचं वर्ष

औसा तालुक्यात तेरणेच्या बाजूला एक गाव आहे, तिथलं हे घर. खाणारी माणसं सहा: नवरा-बायको, म्हातारी सासू, धाकटा दीर आणि शाळेत जाणारी दोन लेकरं. जमीन पाच एकर, बहुतेक काळी. बोअर एक, त्याचं पाणी मार्च उलटला की तळाला जातं. खरिपात पाचही एकरांवर सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी. रब्बीत ओल असेल तेवढ्या रानात हरभरा. मराठवाड्यात अशी हजारो घरं आहेत, आणि मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते त्याचसाठी.

या घरात काही वर्षांपासून ज्वारी, तूरडाळ, तेल, मूग, बहुतेक भाजी, सगळंच विकत येत होतं. तूर रानात पिकायची, पण खळ्यावरूनच लातूरच्या आडतीवर जायची. लातूर हे डाळ मिलांचं गाव. तिथं भरडलेली डाळ पिशवीत भरून गावातल्या दुकानात परत यायची आणि हे घर ती किलोनं विकत घ्यायचं. रेशनकार्ड केशरी. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त गहू-तांदूळ मिळत होता. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यावर जमा करायचं ठरलं. पैसे आले तरी गहू-तांदळाचं पोतं काही आलं नाही, आणि दुकानाची उधारी वाढली. घरातल्या सुनेनं, तिला इथं ताई म्हणते, २०२४ च्या उन्हाळ्यात नवऱ्याकडे एक एकर मागितला तो या उधारीपायी.

माझं या घरी जाणं-येणं बचत गटाच्या कामामुळं. जून २०२४ ते मे २०२५ या वर्षात तिथं काय पिकलं, काय खाल्लं आणि कुठं अडलं ते मी जवळून पाहिलं. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. आपल्या रानातलं अन्न आपल्या ताटात यायचं तर पिकवणं हे निम्मंच काम. राखण, मळणी, साठवण, भरडणं, तेल गाळणं हे उरलेलं निम्मं. मराठवाड्यात मोडून पडलंय ते हे मधलं काम, आणि ते मोडलं म्हणून दुकान घरात शिरलं.

एकराची मागणी

बाईनं स्वतःसाठी रान मागायचं, ही या भागात अगदीच नवी गोष्ट नाही. धाराशिव-लातूर पट्ट्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं बायकांच्या एक एकर शेतीचं काम उभं केलं. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईच्या हाती, त्यात आधी खाण्याची पिकं, आणि काय पेरायचं हे ती ठरवणार. या संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ताईच्या माहेरी अशा एकरावर भाजी आणि कडधान्य घेणाऱ्या बायका होत्या, त्यामुळं तिच्या डोक्यात चित्र स्पष्ट होतं.

नवऱ्याची हरकतही वेडीवाकडी नव्हती. पीककर्ज सोयाबीनवर, पेरणी ट्रॅक्टरनं, काढणीला टोळी मिळते, मळणी यंत्र दारात येतं आणि दुसऱ्या दिवशी पैसे. "ज्वारीला काढणीला माणूस मिळंना झालाय. आन् एकट्यानं लावली तर सगळ्या शिवारातली पाखरं आपल्याच रानात उतरतेत," असं तो म्हणाला. पाखरांबद्दलचं त्याचं म्हणणं पुढं तंतोतंत खरं ठरलं.

मग आम्ही घराला लागणारं अन्न मोजायला बसलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या आहार-मार्गदर्शनात २००० उष्मांकांच्या ताटासाठी रोज माणशी २५० ग्रॅम तृणधान्य, ८५ ग्रॅम डाळी, ४०० ग्रॅम भाज्या आणि २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. सहा माणसांना वर्षाला साडेपाच क्विंटल धान्य, पावणेदोन-दोन क्विंटल डाळी, साठ किलोच्या आसपास तेल. रानात राबणाऱ्याचं २५० ग्रॅममध्ये भागत नाही, म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, धान्य सात क्विंटल धरायला लावलं. कोरडवाहू रब्बी ज्वारी बऱ्या सालात एकरी पाच-सहा क्विंटल येते. तूर आधीपासूनच ओळींत होती, ती विकायची नाही एवढंच ठरवायचं होतं. पाच एकरांतलं दीड-दोन एकर नीट लावलं तर या घराचं मुख्य अन्न निघतं, हे कागदावर दिसलं तेव्हा नवराही गप्प झाला. सोयाबीनचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव चार हजारांच्या आसपास रेंगाळत होता. त्या भावात एक एकर सोयाबीन सोडण्यात फार मोठं नुकसान नव्हतं.

एक एकर ठरला: खरिपात मूग आणि उडीद, त्यावर रब्बी ज्वारी. ही जुनीच फेरपालट आहे. मूग साठ-सत्तर दिवसांत निघतो, रान रिकामं होतं, परतीच्या पावसाची ओल धरून ज्वारी पेरता येते. सोयाबीन ऑक्टोबरपर्यंत रान अडवून ठेवतं. रब्बी ज्वारी आमच्याकडून हटण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते.

तणनाशकाविना एकर

पहिला फायदा पेरलेल्या पिकाचा नव्हताच. ताईच्या एकरावर तणनाशक मारलं नाही, खुरपणी केली. त्यामुळं जुलैपासून बांधाला आणि सऱ्यांत तांदुळजा, कुर्डू, घोळ, चिवळ, पाथरी उगवायला लागली. पाथरीची कोवळी पानं आत्याबाई भाकरीबरोबर कच्चीच खायच्या. शेजारच्या चार एकर सोयाबीनमध्ये फवारणीनंतर यातलं एक पान दिसत नव्हतं. पावसाळ्यात भाजीपाला महाग होतो त्याच दिवसांत या घरात रोज एक पालेभाजी फुकट शिजत होती. बांधावर अंबाडी लावली होती. तिची भाजी ज्वारीच्या कण्या आणि तूरडाळ घालून, वरून लसणाची फोडणी. धाकट्या लेकराला ती आंबट भाजी आवडते, एवढ्यावरून ती आठवड्यात दोनदा व्हायची.

मुगाच्या शेंगांची पहिली तोडणी चांगली झाली. पोळ्याच्या सुमाराला जोराचा पाऊस झाला आणि दुसऱ्या तोडणीच्या शेंगांत झाडावरच कोंब फुटले. तरी घरापुरतं मूग-उडीद आलं.

पाखरं

ज्वारी वाफसा बघून पेरली. बी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या 'परभणी मोती' वाणाचं. दाणा टपोरा, कडबाही चांगला. डिसेंबरच्या शेवटी वेळ अमावास्येला सगळं घर रानात जेवायला गेलं. लातूर-धाराशिवकडं हा सण म्हणजे भज्जी, आंबील, उंडे, खीर. त्या भज्जीतला हिरवा हरभरा, तूर, वाल आणि मेथी यंदा विकत आणावी लागली नाही. ज्वारीच्या ताकातल्या आंबिलीचं पीठ मात्र विकतच्या ज्वारीचं होतं, कारण घरची ज्वारी तेव्हा नुकती पोटऱ्यातून बाहेर पडली होती.

दाणा दुधात आला आणि पाखरं आली. चिमण्या, साळुंक्या, राघू. आसपासच्या रानात हरभरा नाहीतर ऊस, कणसं फक्त या एका एकरात. आत्याबाईंचं बोलणं मला फार मोलाचं वाटलं: "आमच्या टायमाला सगळ्या शिवारात ज्वारीच होती. पाखरं खाऊन खाऊन किती खातेत? वाटून जायचं." पाखरं वाढलेली नाहीत, ज्वारी कमी झाली, म्हणून सगळा भार एकाच रानावर पडतो. पूर्वी राखणीला पोरं असायची, मचाण असायचा, गोफण असायची. आता पोरं शाळेत, आणि ती शाळेतच असली पाहिजेत. दिवस उगवताना आणि मावळताना पाखरं जास्त उतरतात. त्या दोन वेळा दिरानं वाटून घेतल्या. चमकीच्या फिती बांधल्या. चार दिवस उपयोग झाला, मग पाखरं सरावली. काठच्या ओळींतली कणसं टिपून गेली.

हातात चार क्विंटल ज्वारी आली. कडबा मात्र भरपूर. आणि हा कडबा हिशोबात धरायलाच हवा. सोयाबीनच्या भुसकटावर जनावर सांभाळता येत नाही, म्हणून ज्वारी गेली तशी या गावातली गाय-म्हैसही कमी झाली. या घरात एक देवणी गाय आहे, दूध बेताचंच, पण लेकरांपुरतं आणि ताकापुरतं होतं. गेल्या उन्हाळ्यात तिच्यासाठी कडबा विकत घेतला होता. यंदा घरचा पुरला. दूध घरचं म्हणायचं तर वैरणही घरची लागते.

पाखरांवर ताईनं काढलेला तोडगा मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. येत्या रब्बीत शेजारच्या तीन घरांनी आपापल्या रानातला लगतचा अर्धा-अर्धा एकर ज्वारीला द्यायचा असं ठरलं आहे. राखण पाळीनं. एका घरानं ज्वारी करणं अवघड, चार घरांनी मिळून करणं त्या मानानं सोपं.

ठेवायचं कुठं

हे गाव १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुन्हा वसवलेलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे जुनी दगड-मातीची घरं बसली. नव्या वसाहतीत जमिनीच्या हिशोबानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. या कुटुंबाला ४०० फुटांचं. जुन्या वाड्यात भिंतीत बळद होतं, आवारात पेव होतं. वर्षाचं धान्य त्यात बसायचं. नव्या घरात माणसंच कशीबशी बसतात. घर पक्कं मिळालं ते चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण धान्याची जागा कुणी विचारात घेतली नाही, आणि ज्या घरात दोन पोत्यांपलीकडं काही ठेवता येत नाही ते घर खळ्यावरच विकणार. भाव पडलेला असतानाही.

ताईनं बाजारातून पत्र्याच्या दोन कोठ्या आणल्या. ज्वारी चांगली चार उन्हं देऊन, दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवून भरली. थरांमध्ये सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. कोठी भिंतीला न टेकवता, खाली फळ्या घालून. मुगाबाबत आत्याबाईंनी घाई करायला लावली ते बरोबर होतं: अख्ख्या कडधान्यात भुंगेरा लवकर होतो, भरडून डाळ केली की तो धोका बराच टळतो.

पण भरडायचं कसं? घरात जातं आहे, आणि ते चालवणारे हात आता ताई आणि आत्याबाईंचेच. तूर रात्री भिजवायची, निथळून उन्हात कडक वाळवायची, मग भरडायची, पाखडायची, राहिलेली पुन्हा भरडायची. पहिल्या वीस किलोंत दोघींचे खांदे गेले. मी इथं स्पष्ट लिहिते: घरच्या डाळीचं कौतुक करणाऱ्यांनी हे काम कोण करतं ते आधी बघावं. उरलेली तूर शेजारच्या गावात पीकेव्ही मिनी डाळ मिलवर नेली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं गावपातळीसाठी बनवलेलं हे यंत्र छोटंच आहे. दीड क्विंटल तुरीची साधारण एक क्विंटल डाळ झाली. चुरी आणि टरफल गायीला, आणि कळणा ताईनं राखून ठेवला. कळण्याची भाकरी आणि ठेचा थंडीत बरेच दिवस चालला. सालीचा थोडा अंश राहिलेली ही डाळ दुकानातल्या पॉलिश डाळीसारखी चकाकत नाही, शिजायला जरा वेळ घेते. वरणाला जी दाट चव येते तिच्यापायी दीरसुद्धा दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागला.

करडई

तेलाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त आशा आहे आणि चिंताही. करडई हे आमच्या भागाचं तेल. पाणी कमी लागतं, मूळ खोल जातं, काटे असल्यामुळं जनावर तोंड लावत नाही, म्हणून हरभऱ्याच्या काठाला तिच्या ओळी लावायची पद्धत होती. सोयाबीन पिकवणाऱ्या घराला स्वतःच्या पिकाचं तेल खाता येत नाही, कारण त्यात तेल विशेक टक्केच, ते घाण्यावर परवडण्यासारखं निघत नाही, कारखाना लागतो. करडईचं तेल तालुक्याच्या घाण्यावर निघतं. हा फरक मोठा आहे.

ताईनं हरभऱ्याच्या काठानं आणि मधून-मधून करडई टाकली. कोवळी असताना विरळणीत निघालेल्या रोपांची भाजी झाली. काढणी पहाटे, दव असताना, कारण तेव्हा काटे मऊ असतात. ऊन चढलं की हात लावता येत नाही. हाताला जुन्या पोत्याचे तुकडे बांधून दोघा भावांनी कापली. सव्वा क्विंटलच्या आसपास करडई झाली.

घाण्यावर क्विंटलला तीसेक किलो तेल पडतं. ताईनं सगळी करडई एकदम गाळली नाही, आणि हे ज्यांना करायचं त्यांनी लक्षात ठेवावं. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल फार, ते हवा-उजेड लागला की लवकर खवट होतं. म्हणून बी कोठीत ठेवायचं आणि दोन-तीन महिन्यांचं तेल एका वेळी काढायचं. स्टीलच्या डब्यात, अंधाऱ्या जागी. पेंड गायीला. घाणेवाला दळणाचे पैसे घेतो आणि नंबर लावावा लागतो. त्यात एक दिवस जातो.

लेकरांना पहिले काही दिवस त्या तेलाचा वास नको झाला. मोठी मुलगी तर डबा तसाच परत आणायची. भाकरी दुपारपर्यंत कडक होते हेही तिचं म्हणणं खरं होतं. मग डब्याला धपाटे सुरू झाले, ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, तीळ, हिरवी मिरची, आणि तो प्रश्न मिटला. घरच्या करडईचं तेल मात्र निम्म्या वर्षाचंच आहे. पुढं परत सोयाबीनचा पाऊच.

उन्हाळ्याची भाजी

गहू शेजाऱ्याकडून ज्वारीच्या बदल्यात आला. त्याच्याकडं पाणी आहे. तांदूळ, चहा, साखर, मीठ, बटाटे विकत. यात कमीपणा वाटून घेण्याचं काही कारण मला दिसत नाही.

खरी ओढाताण एप्रिल-मेमध्ये झाली. बोअर आटला, प्यायला टँकर नाही लागला एवढंच. भाजीला पाणी देणं अशक्य. त्या दोन महिन्यांत घर चाललं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये केलेल्या वाळवणावर: वाळवलेली गवार, वाळवलेली मेथी, मुगाचे सांडगे, उडदाचे पापड. जवस आणि कारळाच्या चटण्या. न्हाणीचं पाणी जिरतं तिथं शेवगा आणि कढीपत्ता, त्याला वेगळं पाणी लागत नाही. बेसनाचं पिठलं आठवड्यात तीन-चारदा झालं आणि लेकरं कंटाळली. हिरवी भाजी आठवडी बाजारातूनच आणली. मे २०२५ मध्ये अवकाळी पावसानं पत्र्याखाली पसरून ठेवलेला कांदा भिजला, निम्मा सडला. कांद्याला चाळ लागते, आणि त्या घराला ती बांधायला जागा नाही.

दुकानाची उधारी यंदा दिवाळीनंतर पूर्ण फिटली आणि नंतर महिन्याचं बिल निम्म्याच्या खाली राहिलं. घरात खाण्याला चव आली. पण ताईच्या कामाचे तास वाढले, हे मी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. भाकऱ्या थापायच्या, धान्य निवडायचं, वाळवण राखायचं. दीर आता दळण आणि घाण्याची फेरी करतो, नवरा कोठ्यांना ऊन दाखवतो. यापेक्षा जास्त वाटणी अजून झालेली नाही. यंत्राला देता येईल तेवढं काम यंत्राला दिल्याशिवाय चार घरं या वाटेनं टिकणार नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून गटातल्या बायकांनी मिनी डाळ मिल आणि छोटा घाणा यांसाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून अर्ज करायचं ठरवलं आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळतं. बचत गटाच्या सभासदाला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची सोय आहे. बँकेला जागेचा कागद हवा आहे. गावठाणातली एक खोली पाहून ठेवली आहे, तिचे मालक चुलत भाऊ तिघं, त्यातला एक पुण्याला असतो. त्याची सही झाली की थ्री-फेज मीटरसाठी अर्ज करायचा, आणि तूर खळ्यावर यायच्या आत यंत्र बसायला हवं.